वजा भोपळा

त्या प्रयोगशाळेत शून्याला कुणी शून्य म्हणत नसे. भोपळा म्हणत. "भोपळा लावला का?" हा तिथला सकाळचा पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर 'हो' आल्याशिवाय पुढच्या कशालाच हात लागत नसे. नवा माणूस आला की आधी जरा बावचळायचा, आठवडाभरात तोही न हसता तेच विचारायला लागायचा.

हा शब्द तिथे आणला ताईने. ताई म्हणजे तिथली सगळ्यात जुनी तंत्रज्ञ. तिच्याहून वयाने मोठ्या असलेल्या मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, त्याही तिला ताईच म्हणत. आणि भोपळा म्हणजे ताईचा सख्खा धाकटा भाऊ. लहानपणी त्याला गणितात भोपळा मिळाला होता, चक्क शून्य, आणि तो पेपर नाचवत तो घरी आला होता, कारण ते लाल गोल चित्र बाईंनी बक्षीस म्हणून काढलंय अशी त्याची समजूत. त्या दिवसापासून तो भोपळ्या. पुढे तो लिफ्ट बसवणारा मेकॅनिक झाला, लग्न झालं, कानशिलं पिकली, पण नाव काही त्याला सोडेना, आणि त्यालाही ते सोडायची घाई नव्हती.

तिथलं काम असं होतं. नखावर मावेल एवढी चिप. तिच्यावर सोन्याचा पातळ थर, आणि त्या सोन्यावर अशा अँटिबॉडी चिकटवलेल्या, ज्या रक्तातलं एकच एक प्रथिन ओळखून पकडतात आणि बाकी कशाकडे ढुंकूनही बघत नाहीत. प्रथिन पकडलं की चिपमधला विजेचा प्रवाह जरासा हलतो आणि संगणकाच्या पडद्यावरची रेघ वर चढते. जे प्रथिन पकडायचं, ते स्वादुपिंडाच्या कर्करोगात रक्तात उतरतं. तेही अगदी सुरुवातीला, गाठ कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाही आणि माणूस मजेत हिंडत असतो तेव्हा. हा रोगच मेला लबाड. दुखवतो तेव्हा बहुतेक सगळं उरकून बसलेला असतो. म्हणून ही सगळी धडपड: पोहण्याच्या तलावात मिठाचा एक खडा पडला तरी कळावा, इतकी बारीक जीभ या चिपला यावी.

पण जीभ इतकी बारीक झाली की तिला कशाचीही चव लागते. पाण्याची, काचेची, रक्तातल्या इतर शंभर गोष्टींची. म्हणून आधी निरोगी माणसाचं रक्त लावून बघायचं. त्यात जी काही रेघ उठेल तिला 'काहीच नाही' म्हणायचं आणि पुढच्या प्रत्येक नमुन्यातून तेवढं वजा करायचं. हा कोरा नमुना. सुरुवातीला पाच-सहा जणांचं रक्त एकत्र करून तो बनवत. पण कुणी रजेवर, कुणाला सर्दी, कुणाला सुई बघूनच घेरी. शेवटी ताईने वैतागून भावाला आणून खुर्चीत बसवलं. माणूस ठणठणीत होता, लिफ्ट बंद असलेल्या इमारतींचे जिने दिवसभर चढणारा, आणि ताईने हाक मारली की हातातलं काम टाकून येणारा. एकदा रक्त काढायचं, त्यातला वरचा पिवळा भाग चिमुकल्या नळ्यांत भरायचा, नळीवर 'भोपळा' लिहून फ्रीजरमध्ये गोठवायचं, की बरेच आठवडे निभावत.

कोरा नमुना एकाच माणसाचा असू नये, हे मॅडमना माहीत होतं आणि ताईलाही. पण भोपळ्याची रेघ दर वेळी कशी शहाण्यासारखी सारखीच येई. सगळ्यांना ती सोयीची वाटली, आणि सोयीच्या गोष्टीकडे कोण पुन्हा वळून बघतं?

चिप सुधारत गेली तशी एक कटकट सुरू झाली. कोऱ्या नमुन्याची रेघ खाली बसेना. जिथे काही नाही तिथे चिप सारखी म्हणत होती, आहे, थोडंसं आहे. या प्रकाराला 'कुरकुर' हे नाव दिलं चिमट्याने. चिमटा हा चिपा बनवणारा. खिशात कायम चिमटा, आणि बिस्किटसुद्धा त्यानेच उचलून चहात बुडवतो असं ताई त्याला चिडवायची. त्याने कुरकुरीच्या पायी जंग जंग पछाडलं. सोनं बदललं, पाणी बदललं, चिपा जास्त वेळ धुतल्या. कुरकुर थोडी कमी व्हायची आणि पुन्हा डोकं वर काढायची. उलट महिन्यागणिक वाढतच होती.

"चिप तिखट झाली की धूळही दिसणारच," मॅडमनी शेवटी हात टेकले. "आपण वजा करतोच आहोत. चालू द्या."

चालू दिलं.

अशाच एका दुपारी भोपळ्या रक्त द्यायला आला आणि ताई त्याच्याकडे बघतच राहिली.

"काय रे, ही कुणाची पँट घालून आलास?"

"माझीच आहे गं. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय."

"बायको जेवायला घालत नाही वाटतं!"

"ती घालते, मलाच जात नाही. आणि ही पाठ बघ, इथे, मधोमध. ती मोटर उचलली ना, तेव्हापासून धरलीये ती धरलीये."

"मग डॉक्टरकडे जा. माझ्याकडे काय मालीश मिळणारे?"

"घरीही तीच भुणभुण." तो बाही दुमडत म्हणाला, "अगं, एवढं जगावेगळं यंत्र घेऊन बसलीयेस. मला घाल की त्यात एकदा. सोक्षमोक्ष लागेल."

हे नियमात बसत नव्हतं. चिप अजून अभ्यासातली होती, तिच्यावरून कुणालाच काही सांगायचं नाही अशी मॅडमची सक्त ताकीद होती. पण हा काय रुग्ण होता थोडाच? हा तर भोपळा! ताईने नुकत्याच काढलेल्या रक्ताचा थेंब नेहमीच्या पद्धतीने तयार करून लावला. यंत्राने कोरा नमुना वजा केला आणि पडद्यावर रेघ आली. आडवी, सपाट, कुठे नजरेत भरेल असा उंचवटा नाही.

"भोपळा!" ताई ओरडली.

"पुन्हा नापास!" भोपळ्याने दोन्ही हात वर केले. चिमट्याने टाळ्या वाजवल्या. हसण्याचा आवाज ऐकून मॅडम दारातून डोकावल्या आणि काय चाललंय ते न विचारता त्याही हसून गेल्या.

संध्याकाळी भावजयीचा फोन आला. "ताई, तुम्ही खरंच तपासलंत का त्यांना? की त्यांची नेहमीची थाप आहे?"

"अगं, तपासलं मी स्वतः. काही नाहीये त्याला. पाठ म्हणशील तर वय झालं आता घोड्याचं."

"मग बरं. मीच उगाच जिवाला घोर लावून घेतला होता." तिचा जीव भांड्यात पडल्याचं फोनवरसुद्धा कळत होतं. ती नवऱ्याच्या मागे लागायची थांबली. तो पाठीला शेकत राहिला, आणि पट्ट्याला आणखी एक भोक पडलं.

मग त्याला परगावी एका उंच इमारतीत लिफ्ट बसवायचं मोठं काम मिळालं आणि तो तिकडे गेला. इकडे फ्रीजरच्या वरच्या कप्प्यातल्या भोपळ्याच्या नळ्या संपत आल्या. काम तर अडून चालणार नव्हतं. ताई म्हणाली, भाऊ नाही तर बहीण, एकाच घरचं रक्त आहे, आणि तिने स्वतःची बाही वर केली. मॅडमनी तिचं रक्त काढलं.

दुसऱ्या दिवशी कुरकुर नव्हती. गेलीच. चिमट्याने पुन्हा लावून बघितलं, तिसऱ्यांदा लावलं. पडद्याच्या तळाला रेघ अशी गुपचूप पडली होती की त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. नेमकं त्याच आठवड्यात त्याने धुण्याचं पाणी पुन्हा एकदा बदललं होतं. श्रेय त्या पाण्याला मिळालं. मॅडम स्वतः जाऊन केक घेऊन आल्या. इतक्या महिन्यांची पीडा टळली म्हणून ताईने चिमट्याला केकचा तुकडा भरवला, तोही त्याच्याच चिमट्याने. फार हसले त्या दिवशी सगळे.

"आता एक करा," मॅडम म्हणाल्या. "जुना भोपळा काढा आणि याच पाण्याने धुऊन लावा. कुरकुर पाण्यानेच गेली हे सिद्ध झालं पाहिजे."

चिमट्याने खालचा कप्पा उपसला. तिथे मागच्या प्रत्येक खेपेची एकेक नळी जपून ठेवलेली असे. त्यातली एक त्याने लावली.

रेघ चढली. कुरकुर परत आली होती.

"नळी खराब झाली असेल," चिमटा म्हणाला. दुसरी लावली. तेच. "मधल्या काळात फ्रीजर कधी बंद पडला होता का? वीज गेली असेल." मॅडम म्हणाल्या, नळ्यांचं प्लास्टिक बघा. मग दोघांनी प्लास्टिक बघितलं, झाकणं बघितली, फ्रीजरचा दरवाजा उघडून रबर चाचपलं. हुशार माणसं होती दोघं. फक्त ती नेहमीसारखी वस्तूंमध्ये दोष शोधत होती.

ताई नळी हातात धरून उभी होती. नळीवर तिच्याच अक्षरात 'भोपळा' लिहिलेलं होतं. गारठ्याने बोटं बधिर झाली तरी तिने ती खाली ठेवली नाही. तिच्या रक्ताला कुरकुर नाही. भावाच्या रक्ताला आहे. पाणी तेच, सोनं तेच, चिप तीच. उरलं काय?

ती स्टुलावर बसली.

"चिमट्या," ती म्हणाली, "वजा करायला माझं लाव. आणि ह्याच्या सगळ्या नळ्या एकेक करून मोज. जुनी आधी."

"त्याला कशाला मोजायचं ताई? तो तर भोपळा..." चिमट्याचं वाक्य तिथेच अडकलं. नळ्या हातात घेऊन तो एकेक कोमट करू लागला.

सगळ्यात जुनी नळी: रेघ तळापासून केसभर वर. पुढची: आणखी थोडी. मग आणखी. पडद्यावर पायऱ्या तयार होत गेल्या, आणि भाऊ प्रत्येक पायरीवर त्याच खुर्चीत बसून हसत रक्त देऊन गेलेला होता. त्या मजेच्या दुपारची नळी आली तेव्हा रेघ पडद्याच्या मध्याच्या पुढे गेली.

त्या दुपारी काय झालं होतं ते आता कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. यंत्राने भोपळ्यातून भोपळाच वजा केला होता. पाचातून पाच गेले तर काय उरतं हे शाळेतलं पोरही सांगेल. ताईने मात्र त्यावर टाळी घेतली होती, आणि वर भावजयीला सांगितलं होतं, काही नाहीये त्याला.

मॅडम पडद्यासमोर उभ्या होत्या. "चिप चांगली आहे," त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच त्यांनी जीभ चावली. "ताई, मला तसं नव्हतं म्हणायचं."

"खरंच आहे मॅडम. चांगलीच आहे." ताई म्हणाली. "ती पहिल्यापासून सांगत होती. आपणच तिला गप्प बस, गप्प बस म्हणत होतो."

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग चिमट्याला म्हणाल्या, आजवर ज्यांच्या ज्यांच्या नमुन्यातून हा भोपळा वजा केलाय ते सगळे पुन्हा काढ, आपण सगळ्यांनाच कमी दाखवलंय. ते काम मोठं होतं आणि ते त्यांनी नेटाने केलंही. पण ताईला त्या क्षणी जगात एकच माणूस दिसत होता.

तो आदल्या दिवशीच परगावाहून आला होता. ताई गेली तेव्हा पाठीखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन जमिनीवर आडवा पडला होता. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट झाला होता. परगावच्या पाण्याने पोट बिघडलंय असं त्याचं म्हणणं.

"भोपळ्या, उठून बस. बोलायचंय."

"आडवा राहून ऐकलं तर नापास करशील का?" तो म्हणाला, पण तिचं तोंड बघून उठून बसला.

तिने सांगितलं. वाटेत तिने वाक्यं जुळवली होती, ती एकही वेळेवर आठवली नाहीत. कुरकुर, नळ्या, वजाबाकी, सगळं उलटसुलट सांगत सुटली. रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि तेही जमलं नाही. लिफ्ट बिघडली की तिच्यातला आवाज ऐकताना भोपळ्या जसा मान तिरपी करून बसायचा, तसाच बसला होता.

"म्हणजे तुमच्याकडे ती कटकट होत होती," त्याने शेवटी विचारलं, "ती मी होतो?"

"हो."

"आणि तुम्ही ती धुऊन काढत होता."

"हो रे."

भावजय चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात कधीची उभी होती. "पण ताई," ती म्हणाली, "तुम्ही तपासलं होतंत ना?" त्यात राग नव्हता. ताईने कुठेतरी चूक सुधारावी, 'हो, तपासलं होतं, काही नाहीये' असं पुन्हा एकदा म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. ताईला मान वर करता येईना. भावजय शिव्या देती तरी बरं झालं असतं.

हॉस्पिटलात गाठ दिसली, आणि तिथून यकृतावर उमटलेले डागही. कापून काढण्याची वेळ निघून गेली होती. डॉक्टर भला माणूस होता, हळू आवाजात म्हणाला, "थोडं आधी आला असतात तर." रोज कितीतरी जणांना तो हेच म्हणत असणार, त्याच्या ते ध्यानीमनीही नसेल. ताई हॉस्पिटलच्या जिन्यात गेली आणि कठड्याला धरून बसून राहिली. आधीच आला होता तो. किती आधी आला होता! बाही दुमडून स्वतःहून म्हणाला होता, मला घाल त्यात.

औषधं सुरू झाली. केस गेले, वजन गेलं, तो ठणठणीत भोपळ्या ओळखू येईना. ताई रोज जाऊन बसायची, आणि भावजय तिच्यासमोर चहा ठेवायची, पण तिच्याकडे न बघता.

मग एक दिवस सकाळी तो प्रयोगशाळेत येऊन उभा राहिला. रिक्षातून, भावजयीचा हात धरून. तिने त्याला दारापर्यंत सोडलं आणि ती बाहेरच्या बाकावर बसली.

"अरे, तू कशाला आलास?" ताई धावली.

"रक्त द्यायला. मॅडमनी फोनवर सांगितलं मला, तुम्हाला आता आजाऱ्यांचं लागतं. बरोबर ना? त्यात तर मी पहिल्या रांगेत." तो त्याच्या नेहमीच्या खुर्चीत बसला. खुर्ची त्याला आता फार मोठी झाली होती. "चला, भोपळा लावला का?"

तो जिभेवर बसलेला शब्द त्या दिवसापासून तिथे कुणी उच्चारला नव्हता. चिमटा चिपांच्या डबीत तोंड खुपसून उभा राहिला.

"लावला," ताई म्हणाली. "माझं आणि आणखी बऱ्याच जणांचं आहे त्यात."

शीर सापडायला वेळ लागला. आधीच्या सुयांनी दंड काळानिळा झाला होता. तिने हलक्या हाताने रक्त काढलं, तयार केलं, थेंब चिपवर सोडला. भोपळ्याने खुर्ची पडद्याकडे वळवून घेतली.

रेघ उठली आणि थांबेचना. मध्य ओलांडून, पायऱ्यांच्या सगळ्या जुन्या खुणा ओलांडून ती पडद्याच्या वरच्या काठाला जाऊन टेकली, आणि तिथेच राहिली.

"पैकीच्या पैकी!" भोपळ्या म्हणाला. "ताई, आयुष्यात पहिल्यांदा! आई असती तर पेपर दाखवायला घरी नेला असता." तो हसला, हसता हसता खोकला आला, खोकला थांबल्यावर पुन्हा हसला. त्याचं हे हसणं ताईला लहानपणापासून माहीत होतं. पडून गुडघा फुटला की तो असाच हसायचा, म्हणजे ताई रडणार नाही. तिनेही हसून दाखवलं. तेवढं तरी तिला त्याच्यासाठी करता येण्यासारखं होतं.

मग तो पुन्हा पडद्याकडे बघू लागला.

"तुझं वजा करूनसुद्धा केवढं उरलंय बघ," तो म्हणाला.

ताई त्याच्या दंडावरचा कापूस दाबून उभी होती. रक्त कधीच थांबलं होतं. तरी तिने बोट काढलं नाही.